नळी क्रमांक दोनशे सतरा

मोजपट्टी प्लॅस्टिकची, शाळेतली,
एका टोकाला कुणाच्या तरी दातांच्या खुणा.
प्रयोगशाळेतली सर्वांत अचूक वस्तू हीच,
एउलोजिओ म्हणतो, आणि हसत नाही.

नळीत अर्धा ग्रॅम किनोआ, वर पाणी,
अंगठ्याने तोंड दाबून अर्धा मिनिट खळखळवायचं,
मग थांबायचं.
फेस टिकला तर कडू,
बसला तर गोड.
तीनशे बारा झाडं, तीनशे बारा नळ्या.
ओरुरोच्या थंडीत बोटं बधिर
आणि अंगठा बुळबुळीत, रिठे फोडल्यासारखा.

आई कडू वाणाची, बाप गोड.
पहिली पिढी झाडून सगळी कडू.
कडूपणाला एकाच बाजूचा शब्द पुरतो,
गोडव्याला दोन्हीकडून होकार लागतो.
तो नातवंडांत मिळाला,
चारांत एकाला,
आणि उरलेल्या तिघांनी फेस काढला.

मग पानांचे तुकडे, बर्फाचा डबा,
आणि ते यंत्र, ज्याचं कर्ज कुणी फेडायचं
यावर अजून बैठका होतात.
रात्रभर ते वाचत बसतं
चारच अक्षरांची पोथी,
काना नाही, मात्रा नाही,
श्वास घ्यायला एक दंडही नाही.
सकाळी पडद्यावर अठरा गुणसूत्रं,
सतरा मिठागरासारखी सपाट.
सोळाव्यावर सुळका.

तिथे आम्ही खूण धरली.
पण खूण म्हणजे गाव नव्हे.
खूण म्हणजे गावाआधीचा दगड,
चुना फासलेला, आकडा रंगवलेला.
गाव अजून वळणामागे.

दोनशे सतराला खूण म्हणाली, गोड.
फेस चढला दोन बोटं.
चिठ्ठी बदलली असेल, मी म्हटलं,
माझीच चूक, त्या दिवशी ताप होता मला.
पुन्हा पान तोडलं. गोड.
पुन्हा नळी हलवली. फेस.
तिसऱ्यांदाही तेच.
मी ती ओळ खोडायला घेतली तेव्हा
एउलोजिओने पेनच काढून घेतलं.
"रुफिना, बाकीच्या सगळ्या
दगड आणि गाव एकाच गाडीत घालून आल्या.
हिच्यात दोघांची ताटातूट झाली.
हिचा रस्ता कुठे तुटला ते बघ,
गाव त्याच्या पलीकडे."

दुपारभर मी अक्षरं चाळली.
तीनशे अकरा गुणी नळ्यांनी
जे सांगितलं नव्हतं,
ते या एका हट्टी नळीने सांगितलं.
हजारो अक्षरांचं रान
एका वाफ्याएवढं झालं.
एउलोजिओने स्वतःचा पाव मला दिला.
एवढा उदार तो कधी नसतो.

रविवारी सालिनासला गेले, वेनान्सियाकडे.
ती दगडाच्या खळग्यात उभी, अनवाणी,
टाचांनी दाणे मळत होती.
पाचवं पाणी. अजून दोन बाकी.
मी म्हटलं, आता रोप वीतभर असतानाच कळेल,
पान पाहून. गोडच तेवढी ठेवायची.
हे मळणं, धुणं, सगळं संपेल.
तिने स्वतःच्या टाचा पाहिल्या,
भेगांत पांढरं काहीतरी भरलेलं.
"आणि पाखरांना कोण कळवणार
की आता खायला हरकत नाही?"

मला उत्तर सुचलं नाही.
सुचलं ते लांबलचक होतं.

ती पुन्हा मळू लागली.
थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता:
"दोन मुठी गोड आण.
मधे पेरीन.
कडेने हेच राहू दे."

मी खळगा उपसायला वाकले तर ओरडली,
"ओतू नको! लोकर धुवायची आहे त्यात."
फेस तिच्या घोट्यापर्यंत आला होता.
माझा हात सवयीने खिशात गेला,
मोजपट्टीकडे.